पेडणेकर बाईंचं नॉर्मल रक्त

माणसाचं रक्त कसं दिसायला हवं, हे मी पेडणेकर बाईंच्या रक्तावरून शिकले. त्या गेल्याला आता बरीच वर्षं झाली. तरी अजून लॅबमधली एखादी नवी मुलगी स्लाईड घेऊन आली आणि "मॅडम, नॉर्मल आहे ना?" म्हणाली, की मी चटकन हो म्हणत नाही. तिला वाटतं मॅडम खडूस आहेत. वाटू दे.

भाईंदर पूर्वेला जेसल पार्कात एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर आमची लॅब होती. दोन गाळे जोडून केलेली. पुढे पेशंटची बाकडी, मागे आम्ही. दोन हजार तीन साली मी तिथे लागले. टेक्निशियनचा डिप्लोमा ताजा होता आणि आपल्याला सगळं येतं अशी समजूतही ताजी होती. डॉक्टर संध्याकाळी यायचे, रिपोर्टांवर सह्या करायचे आणि जायचे. दिवसभर राज्य पेडणेकर बाईंचं.

बाई मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात तीस वर्षं नोकरी करून रिटायर झालेल्या. लालबागची खोली विकून मुलाबरोबर मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात राहायला आल्या होत्या. "घरी बसून सुनेला फोडणी शिकवत बसले असते तर तिने मला महिन्यात हाकललं असतं," असं म्हणायच्या. ठेंगण्या, काटक. कॉटनची साडी, वरून अ‍ॅप्रन, पदर अ‍ॅप्रनच्या आत खोचलेला. तोंडात कायम एक लवंग. मायक्रोस्कोपला डोळा लावायचा असला की चष्मा कपाळावर चढवायच्या आणि मग तोच चष्मा टेबलभर शोधायच्या. आपण सांगायला गेलो की चिडायच्या, "मला माहीत होतं गं!"

पहिल्या दिवशी त्यांनी मला रक्ताची स्लाईड करायला सांगितली. काचेवर रक्ताचा थेंब ठेवायचा, दुसऱ्या काचेने तो एका दमात पुढे ओढायचा आणि पातळ थर करायचा. मी केली. बाईंनी ट्यूबलाईटसमोर धरून बघितली.

"ही स्लाईड आहे की पावभाजीचा तवा?"

दुसरी केली. तिसरी केली. अकरा स्लाईडी त्यांनी डस्टबिनमध्ये टाकल्या. माझे डोळे भरून आले तसं त्यांनी स्वतःचं डावं बोट पुढे केलं. "टोच. पेशंटचं रक्त शिकण्यासाठी नसतं. माझं घे. नॉर्मल आहे आणि हक्काचं आहे."

तेव्हापासून ते रोजचंच झालं. स्लाईडवर रंग चढवावा लागतो, त्याशिवाय पेशी दिसत नाहीत. तो रंग मोठा लहरी असतो. ज्या पाण्यात तो मिसळतो त्या पाण्याला आम्ही बफर म्हणतो. ते जरा इकडचं तिकडं झालं की सगळं लालभडक, नाहीतर निळंशार. म्हणून सकाळी पेशंटच्या स्लाईडींना हात लावण्याआधी एका माहितीतल्या, निरोगी रक्तावर रंग चढवून बघायचा. तो बरोबर आला की कामाला लागायचं. त्या स्लाईडला कंट्रोल म्हणतात. आमच्या लॅबचं कंट्रोल म्हणजे बाईंचं रक्त. सकाळी आठ वाजता बाई बोट पुढे करणार, मी टोचणार, स्लाईड करणार, रंगवणार. सोमवारची स्लाईड पेन्सिलीने तारीख घालून लाकडी पेटीत ठेवायची. "कंट्रोल फेकायचं नाही," हा बाईंचा हुकूम.

दुपारी डबा झाला की बाई शिकवायच्या. पुस्तकातलं नाही, त्यांचं स्वतःचं. "न्यूट्रोफिल म्हणजे हवालदार. जंतू घुसला की धावतो, हाणामारी करतो आणि तिथेच मरतो. लिम्फोसाइट म्हणजे जुनी कारकून. तुला लहानपणी गोवर आला होता, त्याची फाईल तिच्याकडे अजून आहे."

"पण बाई, ह्यांना बोलावतं कोण?"

"पेशीच बोलावते पेशीला. निरोप जातो. ये म्हटलं की यायचं. एकीच्या दोन हो म्हटलं की व्हायचं. आणि पुरे म्हटलं की थांबायचं. सगळा संसार त्या 'पुरे'वर चाललाय, वैशाली. एखाद्या पेशीला ते ऐकू येईनासं झालं की ती वाढतच सुटते. मग तिला ना आई ना बाप." लवंग इकडून तिकडे फिरवत पुढे म्हणाल्या, "ह्या पेशी तयार होतात हाडाच्या आत. शिकूनसवरून मगच बाहेर पडतात. कधी बाहेरच्या रक्तात अर्धवट शिकलेली कार्टी दिसली, तर खुर्चीत सरळ बसायचं आणि शंभरपर्यंत मोजायचं. मोजल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

त्या हे सांगायच्या तेव्हा मला गंमत वाटायची. गंमत!

वर्षभरात डॉक्टरांनी रक्तपेशी मोजायचं मशीन आणलं. बाईंनी त्याच्याकडे नव्या सवतीकडे बघावं तसं बघितलं. महिन्याभरातच त्यांना संधी मिळाली. पेणकरपाड्यात राहणारा एक रंगारी तापाने फणफणून आला. मूळचा रायगडचा, सोबत भाऊ. मशीनने प्लेटलेट दाखवल्या चौदा हजार. म्हणजे रक्त कधीही फुटेल अशी अवस्था. जवळच्या नर्सिंग होमने ताबडतोब भरती व्हा, बाटल्या चढवू, असं सांगितलं. भाऊ बाकड्यावर बसून रडत होता. बाई म्हणाल्या, "थांबा जरा." स्लाईड लावली, चष्मा वर चढवला आणि काचेच्या अगदी कडेला जाऊन बघत राहिल्या. मग मला बोलावलं. प्लेटलेटींचे गठ्ठेच्या गठ्ठे बसले होते.

"नळीतल्या औषधाने काही काही जणांच्या एकमेकींना चिकटतात. मशीन घोळक्याला एक मोजतं. घोळक्यात वीस बायका असतात हे त्याला कोण सांगणार?"

दुसऱ्या औषधाच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं. प्लेटलेट व्यवस्थित निघाल्या. साधा मलेरिया होता. आठ दिवसांनी तो रंगारी सुके बोंबील घेऊन आला. बाई त्याच्यावर खेकसल्या, "ही लॅब आहे, बाजार नाही!" आणि बोंबील पिशवीत टाकून घरी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी आम्हाला चटणी आणली.

बाईंचा एक नियम मात्र मला पटायचा नाही. स्वतःची किंवा घरच्या माणसाची स्लाईड आपण वाचायची नाही. त्यांचा नातू एकदा आजारी पडला, तेव्हासुद्धा त्या बाजूला झाल्या आणि मला बसवलं. मी म्हटलं, "बाई, तुमच्याइतकं कोणाला कळतं?" तेव्हा त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांच्या मिस्टरांना खोकला होता. बाईंनी स्वतः थुंकीची स्लाईड तपासली. काही नाही. पुन्हा तपासली. काही नाही. तीनदा तपासली. चौथ्यांदा शेजारच्या टेबलावरच्या बाईने सहज डोळा लावला, तर टीबीचे जंतू होतेच, पहिल्या स्लाईडपासून होते. "मला नको होते, म्हणून मला दिसले नाहीत," बाई म्हणाल्या. "वर्षभरात गेले ते. तेव्हापासून आपलं आपण बघायचं नाही. दुसऱ्याने बघायचं." आणि उठून डबा धुवायला गेल्या.

म्हणून कंट्रोलच्या स्लाईडीला बाई मायक्रोस्कोपखाली कधी बघत नसत. हातात धरून, उजेडात नुसता रंग बघायच्या, आणि भिंगाखाली घालायचं काम माझं. मी काय बघायचे? रंग. लाल पेशी गुलाबी आहेत ना, पांढऱ्या पेशींचं केंद्रक जांभळं आहे ना, झालं. चार-पाच पांढऱ्या पेशी सापडल्या की स्लाईड बाजूला. कंट्रोल कोण मोजतं? ते तर नॉर्मलच असतं. त्याच्यावरून तर बाकीच्यांना नॉर्मल म्हणायचं.

पुढे पुढे मला त्या पेशी पटकन सापडायला लागल्या. आधी शोधाव्या लागायच्या, आता डोळा लावला की समोर. मला वाटलं, माझा हात बसला. थर छान यायला लागला. एकदा बाईंना म्हटलंसुद्धा, "बाई, बघा, आता माझ्या स्लाईडीत पेशी हुडकाव्या लागत नाहीत." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मेलं हे आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

त्याच सुमारास बाई स्लाईड उजेडात धरून कपाळाला आठ्या घालायला लागल्या. "निळसर मारतेय गं. बफर बिघडलाय. जरा आंबट कर." मी बफर बदलला. बाईंची स्लाईड पुन्हा गुलाबी आली. काही महिन्यांनी पुन्हा निळी. पुन्हा बदलला. मग डॉक्टर कुरकुरायला लागले, "पेशंटच्या स्लाईडी एवढ्या लाल का येतायत?" बाई त्यांच्याशी भांडल्या, "कंट्रोल बरोबर आहे, डॉक्टर. कंट्रोल बघा आणि मग बोला." सगळ्या भाईंदरच्या रक्ताला आम्ही चुकीचा रंग लावत होतो, कारण एका रक्ताला तो बरोबर बसत होता. ते रक्त निळं का दिसतंय, हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. पांढऱ्या पेशींची गर्दी झाली की काच निळी दिसते. हे मला परीक्षेला आलं होतं. मी लिहिलंही होतं.

बाई वाळत चालल्या होत्या. डब्यातली अर्धी पोळी उरायला लागली. "दोन घासांत पोट भरतं. डाव्या बाजूला जड जड वाटतं," म्हणायच्या. मी म्हणायचे, "बाई, दाखवा कुणालातरी." तर, "साठी उलटली, आता काय हरणासारखी उड्या मारू?" सून फोन करून मला सांगायची, "तुम्ही तरी सांगा ना, तुमचं ऐकतात." माझं कुठलं ऐकतायत!

दोन हजार सातच्या दिवाळीआधी मशीनच्या कंपनीचा इंजिनिअर सर्व्हिसिंगला आला. सगळं खोलून, पुसून, पुन्हा बसवलं आणि म्हणाला, "मॅडम, एक नॉर्मल ब्लड चाहिए, ताजा."

बाईंनी लगेच हात पुढे केला. "मेरा लो. पैंतीस साल से नॉर्मल है."

मी रक्त काढलं. मशीन घरघरलं. इंजिनिअरने पडद्यावरचा पांढऱ्या पेशींचा आकडा बघितला आणि तोंड वाकडं केलं. "डब्ल्यूबीसी नब्बे हजार के ऊपर बता रहा है. अभी भी गड़बड़ है."

बाई हसल्या. इतक्या मोकळ्या हसल्या की पुढच्या बाकड्यांवरचे पेशंट वळून बघायला लागले. "बघ वैशाली! सांगत होते ना मी, मेलं खोटारडं आहे म्हणून! दहा हजाराच्या जागी नव्वद हजार!" इंजिनिअर बिचारा ओशाळला. त्याने पुन्हा नळ्या साफ केल्या. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग तो माझ्याकडे वळला. "मॅडम, आप का देके देखते हैं."

माझं आलं सात हजार दोनशे.

त्याने पुन्हा बाईंचं लावलं. नव्वदच्या पुढे. स्क्रू घट्ट करत बसला. बाईंच्या चेहऱ्यावर हसू होतं तसंच राहिलं होतं, ते उतरवायचं त्या विसरल्या होत्या.

"स्लाईड कर," बाई म्हणाल्या.

मी केली. रंगवली. मायक्रोस्कोपखाली ठेवली. बाई समोरच्या स्टुलावर येऊन बसल्या. मी डोळा लावला आणि चार वर्षांत पहिल्यांदा बाईंचं रक्त रंगासाठी नाही तर पेशींसाठी बघितलं.

"मोज," बाई म्हणाल्या.

"बाई, डॉक्टर आल्यावर..."

"मोज म्हणते ना. मोठ्याने."

मी मोजायला लागले. मी एकेक नाव घेत होते आणि बाई पेशी मोजायच्या काउंटरची बटणं दाबत होत्या, टक टक टक, पेशंटच्या वेळी दाबतात तशाच. कधी मी थांबले की म्हणायच्या, "हं." शंभर झाल्यावर काउंटरची घंटा वाजली. बाईंनी चष्मा लावून आकडे वाचले. अगदी कोवळ्या, काहीच न शिकलेल्या पेशींना आम्ही ब्लास्ट म्हणतो. रक्तात तसली एकही असता कामा नये. बाईंच्या बत्तीस होत्या.

"बरं," बाई म्हणाल्या. मग इंजिनिअरला म्हणाल्या, "आप का मशीन ठीक है, भैया. चाय पिओ."

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातून रोगाचं नाव आलं. रक्ताचाच कॅन्सर, पण सावकाश चढणारा. पेशीच्या आत 'वाढ, वाढ' असा निरोप देणारं बटण दाबलेलंच राहतं. आमच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ते बटण बंद करणारी गोळी आलीय आता. पहिल्या टप्प्यात कळलं असतं तर गोळीवर वर्षानुवर्षं काढली असती बाईंनी. पण आता हा शेवटचा टप्पा आहे. हा टप्पा यायला दोन-तीन वर्षं लागतात. त्याआधी कधी टेस्ट केली नाही का त्यांनी?"

मी काय सांगणार! रोज सकाळी आठ वाजता केली, डॉक्टर. रविवार सोडून रोज.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी पेटी काढली आणि सोमवारच्या स्लाईडी एकेक करून लावल्या. सुरुवातीच्या स्वच्छ होत्या. मग एका सोमवारी बेसोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींतली सगळ्यात विरळा जात, दोन दिसल्या, जिथे एक दिसली तर दिसते. पुढच्या महिन्यात चार. मग अर्धवट शिकलेल्या यायला लागल्या. मग गर्दी. शेवटच्या पन्नास स्लाईडींत तर आंधळ्यालाही दिसलं असतं. प्रत्येक स्लाईडीवर पेन्सिलीने घातलेली तारीख होती. अक्षर माझं होतं.

बाईंना भेटायला मी बेव्हर्ली पार्कात तीनदा गेले. दोनदा घर भरलेलं होतं. तिसऱ्यांदा रविवारची दुपार होती. सून म्हणाली, "तुम्ही आहात ना, मी पटकन खालून शहाळी घेऊन येते." मुलगा औषधांसाठी मुंबईला गेला होता. आम्ही दोघीच उरलो. बाई भिंतीला उशी लावून बसल्या होत्या. डोक्याला रुमाल, हातापायांच्या काड्या, पोट तेवढं डावीकडे फुगलेलं. डोळे मात्र तेच होते.

"पेटी बघितलीस?"

"कुठली पेटी, बाई?"

"वैशाली."

"बघितली."

"कधीपासून आहे?"

मी रिक्षात बसल्यापासून उत्तर घोकत होते. ते म्हटलं, "तीन महिने. अचानकच वाढलंय, बाई. त्याआधी काहीच नव्हतं."

"मरणाऱ्या माणसाला खोटा रिपोर्ट देतेस? कधीपासून?"

"दोन वर्षं चार महिने."

बाईंनी डोळे मिटले. मनात हिशोब चाललेला मला दिसत होता. "म्हणजे गोळी लागू पडली असती," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं.

मी मात्र कोसळले. त्यांच्या पलंगाची कड धरून, हुंदके देत म्हटलं, "बाई, चूक माझी. मला वाटलं माझा हात बसलाय. मी बघितलंच नाही, बाई. माझी चूक." आणि खरं सांगते, हे म्हणताना मी वाट बघत होते. आपल्याकडे अशा वेळी म्हणतात ना, असू दे गं, नशिबात होतं, तू काय करणार. ते ऐकायला मी आले होते.

"हो," बाई म्हणाल्या. "तुझी आहे."

मी वर बघितलं.

"बफर बदल म्हणाले, ती माझी. रोज भिंगाखाली घालून मोजलं नाहीस, ती तुझी. माझी माझ्याबरोबर जाईल. तुझी तुला सांभाळायचीय." मग म्हणाल्या, "आता जा. दमले मी. सुनेला यायला वेळ लागेल, किल्ली आहे तिच्याकडे. जाताना दार ओढून घे. लॅच नीट बसत नाही, जोरात ओढ."

मी चपला घातल्या, बाहेर आले आणि दार ओढलं. लॅच बसलं नाही. आतून बाईंचा आवाज आला, "जोरात, वैशाली."

मी सगळा जोर लावून ओढलं. मग बसलं.